भाडें आणि महागाई

घरमालक आणि भाडेकरू हीं जणूं दोन शत्रुपक्षांतील माणसें आहेत, असें धरून आपल्याकडे या प्रश्नाची चर्चा चालते. पुष्कळ कुटुंबांत मात्र हीं दोघें एकाच पंक्तीला जेवावयास बसतात. आमच्याच घरचें पाहा. पुण्यास सदाशिव पेठेंत आमचा वडिलार्जित वाडा असून त्यांत जुनीं बिऱ्हाडें आहेत. उलट, माझा पुतण्या नोकरीनिमित्त मुंबईस भाड्यानें राहतो. त्याचा करार अकरा महिन्यांचा. तो सरला कीं मालक भाडें शेंकडा १० नें वाढवितो. वाड्याच्या माडीवरील दोन खोल्यांचें भाडें मात्र सन १९३८ मध्यें १२ रुपये ठरलें, तें आज पस्तिसाच्या आसपास पोंचलें आहे!

याचें मूळ जुनें आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत शहरांत गर्दी लोटली. भाडेकरूंची नाडणूक होऊं नये म्हणून सन १९४७ च्या कायद्यानें १ सप्टेंबर १९४० रोजीं असलेलें भाडें प्रमाण मानलें. हेतु चांगला होता. परंतु तात्पुरता म्हणून केलेला हा कायदा मुदतवाढ घेत घेत अर्धशतक टिकला. असें गोठविलेलें भाडें आतां वाजवी राहिलें नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें सन १९९७ मध्यें म्हटलें. पुढें सन १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्यानें दरसाल शेंकडा ४ वाढ मान्य केली. पण १२ रुपयांचे शेंकडा ४ म्हणजे अठ्ठेचाळीस पैसे! ती वाढ चक्रवाढीनें धरली तरी भाडें दुप्पट व्हावयास सुमारें १८ वर्षें लागतात.

गेल्या पावसाळ्यांत वाड्याची मागील भिंत फुगली. गवंड्यानें सांगितलेला खर्च सर्व बिऱ्हाडांच्या कित्येक वर्षांच्या भाड्याहून अधिक होता. अखेर आम्हां भावांनीं वर्गणी काढली. थोरल्या वहिनी म्हणाल्या, "भिंत पडूं दिली तर आपण सुटूं, पण माडीवरच्या माईंनीं या वयांत जावें कोठें?" माईंचे चिरंजीव सरकारी नोकरींत आहेत. त्यांनीं आपण होऊन जास्त भाडें देऊं केलें. परंतु कायद्यानें ठरविलेल्याहून अधिक घेणें बेकायदेशीर आहे.

मला वाटतें, उपाय त्यांच्याच पगारपत्रकांत आहे. सरकारी नोकराचा महागाईभत्ता ग्राहक किंमत निर्देशांकाप्रमाणें वाढतो. घरभाड्यासही तेंच माप कां लावूं नये? ठराविक आंकडा महागाईशीं कधींच जुळत नाहीं. सन २०१० मध्यें किरकोळ किंमती शेंकडा १० हून अधिक वाढल्या, तेव्हां शेंकडा ४ वाढ मालकास तोट्याची झाली. सन २०१७ मध्यें त्या सुमारें ३ च वाढल्या, तेव्हां तीच वाढ भाडेकरूस जड झाली. निर्देशांकाचें माप लाविलें तर माझ्या पुतण्यावर दर अकरा महिन्यांनीं पडणारा शेंकडा १० चा बोजाही हलका होईल.

अर्थात् जुनें भाडें आधीं टप्प्याटप्प्यानें वाजवी पातळीवर आणावें लागेल. ज्या वृद्धांचें वा विधवांचें उत्पन्न वाढत नाहीं, त्यांस सरकारी तिजोरींतून साह्य मिळालें पाहिजे. त्यांचा भार सर्व समाजानें उचलावयाचा. तो एका पडक्या भिंतीवर टाकून चालणार नाहीं. आणि मालकांनींही एवढें ध्यानांत ठेवावें कीं, वाढीव भाड्यावर पहिला हक्क घराच्या कौलांचा आणि वाशांचा आहे.