चार छोटे आरएनए आणि पटकी

चि. मुक्ता,


‘प्रोजेक्ट प्रोटीनवरच करणार, आरएनए काय, नुसता निरोप्या,’ असं तू परवा फोनवर म्हणालीस, तेव्हापासून ते माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणून एकाच जंतूबद्दल लिहिते. गावोगावच्या लोकांना मरीआईला नवस बोलायला लावणारा, पटकीचा व्हिब्रिओ कॉलरी.

१९५९ साली कोलकात्यात शंभूनाथ डे यांनी सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्हीकडून बांधला आणि त्यात जंतू गाळून काढलेलं द्रव सोडलं. तुकडा पाण्याने टम्म फुगला. म्हणजे घात करतं ते जंतूने सोडलेलं विष. पण हे विष केव्हा करायचं आणि केव्हा थांबवायचं, हे जंतूला कसं कळतं?

जंतू एकमेकांची संख्या अजमावतात. प्रत्येक जण संकेताचे रेणू बाहेर सोडतो. गर्दी वाढली की रेणूही वाढतात. हा हिशेब पेशीच्या आत कोण पोचवतं, ते २००४ मध्ये प्रिन्स्टनला बॉनी बॅसलर यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं. क्यूआरआर नावाचे चार छोटे आरएनए, प्रत्येकी जेमतेम शंभर अक्षरांचे. त्यांच्यापासून प्रोटीन बनतच नाही.

जंतू थोडे असताना हे चौघे भरपूर तयार होतात. एचएफक्यू हे प्रोटीन त्यांना हात देतं आणि ते हॅपआर जनुकाच्या एमआरएनएवर जाऊन चेन लागावी तसे चिकटतात, नेमके रायबोसोम जिथे बसायचा तिथेच. रायबोसोमला जागा मिळत नाही, एमआरएनएही लवकर तुटतो. हॅपआर नाही, म्हणून आफए या दुसऱ्या प्रोटीनवरचा दाब उठतो, आणि तिथून जंतूला आतड्यात धरून ठेवणारे त्याच्या अंगावरचे केसासारखे तंतू आणि विष, दोन्हींची जनुकं जागी होतात. उलट गर्दी झाली की क्यूआरआर थांबतात, हॅपआर तयार होतं, विष बंद पडतं आणि जंतूला आतड्यापासून सुटायला मदत करणारं एन्झाइम बनू लागतं. पुढचं गाव गाठायला तो मोकळा!

यात मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट अशी, की चौघांपैकी एक जरी शाबूत असला तरी काम भागतं. इतकी राखीव फौज जंतूने उगीच ठेवलेली नाही.

तरी एवढ्यावर पटकीचं सगळं कोडं सुटलं असं समजू नकोस. २००० साली या जंतूच्या ज्या एन१६९६१ वाणाचा जीनोम वाचला गेला, त्याचं हॅपआर जनुकच बिघडलेलं आहे, म्हणजे गर्दी झाल्यावर विष थांबवायची ही वाट त्याच्याकडे नाही, आणि तरीही तो रोग करतो. जंतूला दुसरे रस्तेही आहेत.

पण याच रस्त्यावर त्याला अडवता येतं. २००७ मध्ये सीएआय-१ हा संकेताचा रेणू बाहेरून देऊन जंतूची विषारी यंत्रणा मंदावता आली. २०१० मध्ये हाच रेणू बनवणारे निरुपद्रवी ई. कोलाय उंदरांच्या पिल्लांना आधी पाजले, तर पटकीतून जास्त पिल्लं वाचली. जंतूला न मारता, गर्दी झाल्याचा भास देऊन! प्रतिजैविकांना जंतू दाद देईनासे झालेत, अशा वेळी याचं मोल तुला वेगळं सांगायला नको.

विषय नोंदवण्याआधी लेन्झ, बॅसलर आणि सहकाऱ्यांचा २००४ चा ‘सेल’ या नियतकालिकातला निबंध नीट वाच, आणि मग मला फोन कर.

तुझी,
मावशी