रांगेचा कारभार

सामायिक क्लस्टर सांभाळणाऱ्याचं काम बरंचसं पाटकऱ्यासारखं असतं. पाणी किती आहे ते सगळ्यांना ठाऊक असतं. भांडण होतं ते पाळीवरून. आमच्या संस्थेत पाळी लावतं स्लर्म नावाचं सॉफ्टवेअर, आणि बोलणी खातो मी.

रसायनशास्त्राचं गणित एकाच नोडवर, म्हणजे क्लस्टरमधल्या एकाच संगणकावर, पण भरपूर मेमरी अडवून दिवसच्या दिवस चालतं. हवामानवाल्यांना अनेक नोड एकाच वेळी हवे असतात, कारण त्यांच्या मॉडेलच्या तुकड्यांना पावलोपावली एकमेकांशी आकडे बदलावे लागतात. जीवशास्त्राचे प्रोग्राम लाखो चिमुकल्या फायली तयार करतात. लस्टर फाइल सिस्टिममध्ये फायलींची नावं-ठिकाणं वेगळा मेटाडेटा सर्व्हर सांभाळतो. त्याच्यावर हा मारा झाला की तिकडे हवामानाचं मॉडेल रखडतं आणि मला फोन येतो, “नेटवर्क गेलंय का हो?” एका विभागाला दुसऱ्याचं अस्तित्व कळतं ते असं.

पुण्यात सी-डॅकने 1991 साली ‘परम 8000’ उभा केला, तोही अनेक प्रोसेसर एकत्र जुंपूनच. प्रोसेसर तेव्हाच एकत्र काम करायला लागले. विभागांचं अजून चाललंय.

पाळी लावण्याचा स्लर्मचा फेअरशेअर नावाचा नियम सांगायला सोपा: ज्याने अलीकडे जास्त वापरलं, त्याचा क्रम खाली. जुना वापर हळूहळू माफ होतो. तो निम्मा धरला जाण्याची स्लर्ममधली मूळ मुदत 7 दिवसांची. हा आकडा दिसतो तांत्रिक, पण आहे राजकीय. मुदत आखडली तर महिनाभर दांडगाई केलेला गट बघता बघता साळसूद ठरतो. लांबवली तर प्रबंधाच्या घाईतल्या विद्यार्थिनीला तिच्या गटाचं जुनं खातं भोवतं. म्हणून तो आकडा मी एकट्याने ठरवत नाही, सगळ्या विभागांच्या बैठकीत ठरवून घेतो. बैठक कंटाळवाणी होते. होऊ दे.

खरी मेख आहे वेळेच्या अंदाजात. मागितलेला वेळ संपून काम मध्येच बंद पडेल या धास्तीने दहा तासांच्या कामाला लोक 72 तास मागतात. एखाद्या मोठ्या कामासाठी नोड मोकळे होण्याची वाट बघताना, मोकळ्या झालेल्या नोडांवर स्लर्म छोटी कामं उरकून घेतं. याला बॅकफिल म्हणतात. स्लर्म तेव्हा बघतं ते फक्त मागितलेला वेळ. 72 तास लिहिलेलं काम त्या फटीत बसत नाही. नोड रिकामे राहतात, रांग वाढते, आणि मग एखादा विभाग ठरवतो, आपला स्वतंत्र सर्व्हर घेऊ. घ्या की! पण तो कोपऱ्यातल्या खोलीत ठेवण्यापेक्षा क्लस्टरला जोडा. तुमचं काम आलं की पाहुण्याचं काम थांबवून तुम्हाला आधी जागा, अशी सोय स्लर्ममध्ये आहे.

तोवर एवढं तरी करा. काम संपल्यावर प्रत्यक्ष किती वेळ आणि मेमरी लागली ते स्लर्मच्या नोंदीत बघा, आणि पुढच्या वेळी त्यात थोडीशीच भर घालून मागा.