तीन मीटरांतला उजेड

प्रिय सुधा,

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं गं. डॉक्टर म्हणतात रोज चाला, आणि चालायला तुला आधी गाडी काढून पार्क गाठावं लागतं, कारण घरापुढच्या रस्त्याला फूटपाथच नाही. शेजारीण दिसते ती गॅरेजचं दार उघडलं तरच. वसाहती आखणारे माणसांच्या तब्येतीचा विचार करतात का, असं तू विचारलंयस. एके काळी करायचे. आपण दोघी जिथे वाढलो ते दादर आखलं गेलं तेच मुळी प्लेगमुळे.

१८९६च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला आणि पुढच्या काही महिन्यांत लाखो लोक मुंबई सोडून पळाले. व्यापार ठप्प होईल या भीतीने सरकारने १८९८मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. दाटीच्या वस्त्या पाडायच्या, समुद्राचा वारा आत घेतील असे रुंद रस्ते काढायचे आणि उत्तरेला दादर-माटुंग्याकडे नवं उपनगर वसवायचं, असा बेत होता. प्रिन्सेस स्ट्रीट त्यातूनच निघाला. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, फाइव्ह गार्डन्सही त्यातलेच. १९२५मध्ये महापालिकेने केलेल्या मैदानाला दोन वर्षांनी शिवाजी पार्क नाव मिळालं. त्याच्याभोवतीचा तो कट्टा आठव. पहाटे चालणारे, दुपारी डबा खाणारे, संध्याकाळी नातवंडांना घेऊन बसणारे. तिथे बसायला पैसे लागत नाहीत, ओळख लागत नाही, म्हणून तर तिथे ओळखी होतात. आईची संधिवाताची औषधं चालू होती तेव्हा तिला घराबाहेर काढायचे ते कट्ट्यावरच्या बायकाच.

ट्रस्टचे प्रमुख जे. पी. ऑर यांनी एक नियम फार आग्रहाने लावून धरला होता. तो साडेत्रेसष्ट अंशांचा नियम. खिडकीसमोर अशी मोकळी जागा सोडायची की त्या कोनातून आभाळाचा उजेड खोलीत पोचला पाहिजे. सोपं करून सांगायचं तर समोरच्या इमारतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीपेक्षा जास्त नको. प्लेगचं कारण कोंदट हवा, असं तेव्हा पुष्कळ अधिकाऱ्यांना वाटायचं. खरं तर तो पसरायचा उंदरांवरच्या पिसवांमुळे. पण क्षयाच्या बाबतीत हा उपाय अगदी नेमका होता. क्षयाचे जंतू कोंडलेल्या हवेत तासन् तास तरंगत राहतात, वाऱ्याने पांगतात आणि उन्हाने मरतात.

मात्र हा वारा सगळ्यांना मिळाला नाही. ट्रस्टने जितकी घरं पाडली तितकी गरिबांसाठी बांधली नाहीत. हुसकावलेले लोक जवळच्या चाळींत आणखी दाटीने राहिले आणि नव्या कॉलन्यांत आपल्यासारखे पांढरपेशे आले. माझ्या बालपणीच्या दादरच्या घराच्या प्रशस्त गच्चीमागे हा हिशोब आहे, हे मला आता विसरता येत नाही.

आणि गरिबांना असं दाटीत ढकलणं थांबलेलंही नाही. गोवंडी-मानखुर्दकडे लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड अशा पुनर्वसन वसाहती आहेत. रेल्वे आणि रस्ते रुंद करताना रुळांकडेची, फूटपाथवरची कुटुंबं तिथे नेली. एका मैत्रिणीबरोबर मी नटवर पारेखमध्ये गेले होते. भर दुपारी खालच्या मजल्यांवर ट्यूबलाइट लावलेले होते. सात मजली इमारती आणि दोन इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटरांची फट. मधल्या बोळात वरून कचरा पडतो, वास येतो, म्हणून लोक असलेली खिडकीही बंद ठेवतात. सात मजले म्हणजे वीस मीटर तरी धर. ऑरच्या नियमाने मध्ये दहा मीटर हवे होते! 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने आयआयटी मुंबईच्या मदतीने या वसाहतींचा अभ्यास केला, तो २०१८मध्ये प्रसिद्ध झाला. उजेड आणि वारा कमी असलेल्या घरांत, विशेषतः खालच्या मजल्यांवर, क्षय जास्त आढळला. पक्कं घर देताना लोकांना आजारही देऊ केला, असं मला स्पष्ट म्हणायचंय.

तिथली माणसं हात बांधून बसलेली नाहीत, हेही सांगते. रहिवाशांनी आणि कम्युनिटी डिझाइन एजन्सीने काही बोळ साफ करून वापरात आणले. २०२३मध्ये त्याच वसाहतीत गोवंडी आर्ट्स फेस्टिव्हल झाला, मुलांनी नाटकं केली, भिंती रंगवल्या. पण रंगवलेल्या भिंतीही तीन मीटरांवरच उभ्या आहेत.

इकडे आपल्या भागात रीडेव्हलपमेंट जोरात आहे. खालचे मजले गाड्यांचे, वर पोडियम, तिथेच मुलांचा खेळ. घरं मोठी झाली, लिफ्ट आली, म्हाताऱ्यांचे गुडघे वाचले, ते मला मान्य आहे. पण आमच्या गल्लीतली ओट्यावरून चालणारी चौकशी गेली. कोण आजारी आहे हे आता वॉचमनला माहीत असतं.

आता धारावीचा पुनर्विकास होतोय. पात्र कुटुंबांना ३५० चौरस फुटांचं घर मिळणार असं जाहीर झालंय आणि सगळी चर्चा त्या चौरस फुटांची, नाहीतर पात्र कोण याची. दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत. मला तिसरा विचारायचाय, दोन इमारतींमध्ये किती मीटर सोडणार? आमच्या वाचन मंडळातल्या बायका आणि मी मिळून हे लेखी विचारणार आहोत. तू तिकडे नगररचनेचं काम केलंयस, तर पत्राचा मसुदा पाठवते. तुझ्या लाल पेनने तपासून लवकर परत पाठव.

तुझी,
नंदा