मांडवीच्या तीरावर दोन तास

२०२१ च्या जानेवारीत आम्ही कोल्हापूरहून गोव्याला गेलो, ते जुन्या गोव्यातील संत फ्रान्सिस झेवियरच्या दर्शनाला. आमच्या धर्मग्रामातील एका शिक्षकांच्या पत्नीने आम्हांस बरोबर नेले होते. मास्तर सप्टेंबर २०२० मध्ये करोनाने गेले. त्या महिन्यात आमच्या शहरात रुग्णालयात खाट मिळणे किती दुरापास्त झाले होते, हे कोल्हापूरच्या वाचकांना सांगावयास नको. ही यात्रा पतिपत्नींनी मिळून करावयाची ठरविली होती; आता बाईंबरोबर त्यांचा मुलगा होता. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला असलेला हा तिशीतला तरुण आजरा, आंबोली, सावंतवाडी असा सारा रस्ता गाडी चालवीत होता, आणि पत्रादेवीचा नाका ओलांडेपर्यंत चार वाक्येही बोलला नव्हता.

जुने गोवे हे साथींनी ओस पाडलेले शहर आहे. कॉलरा आणि हिवताप यांनी ते इतके पोखरले की, १७५९ मध्ये व्हाइसरॉयने आपला मुक्काम पणजीस आदिलशहाच्या वाड्यात हलविला आणि १८४३ मध्ये पणजीच अधिकृत राजधानी झाली. म्हणजे पणजी हे रोगराईपासून दूर सरलेल्यांचे शहर! ऑगस्टीनियन संन्याशांच्या ओस पडलेल्या ख्रिस्तमंदिराचे छत १८४२ मध्ये कोसळले; जांभ्या दगडाच्या त्याच्या मनोऱ्याचा एक भाग तेवढा आभाळात उभा आहे. तेथील घंटा आधी आग्वादच्या दीपस्तंभावर गेली आणि १८७१ मध्ये पणजीच्या निष्कलंक मातेच्या चर्चवर चढली. मनोऱ्याच्या पायथ्याशी उभे राहून ही हकीकत आम्ही मुलाला मोठ्या उत्साहाने सांगितली. त्याने मान हलविली, इतकेच.

संध्याकाळी पणजीत मांडवीच्या काठी आलो. जुन्या सचिवालयाच्या वाड्याशेजारी आबे फारियाचा पुतळा आहे. मोहनिद्रेच्या शास्त्राचा हा आद्य अभ्यासक आमच्यासारखाच धर्मगुरू होता. त्याचे पसरलेले हात पाहावेत, आणि मग जवळच नदीत उभ्या असलेल्या, दिव्यांनी लखलखणाऱ्या कॅसिनोच्या नौका पाहाव्यात. मोहनिद्रा म्हणजे काय, हे वेगळे समजावून सांगण्याची गरज उरत नाही. गोव्याचा जुगारविषयक कायदा १९७६ चा. १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरचा जुगार आला, १९९६ च्या दुरुस्तीने नौकांवर पत्ते आणि रुलेट आले. गंमत अशी की, १ फेब्रुवारी २०२० पासून खुद्द गोवेकरांना येथे खेळण्यास मनाई झाली. तेव्हा या दिव्यांचे पतंग आपणच, घाटावरचे आणि बाहेरचे.

एक सल आमच्या मनात होता. महाराष्ट्रात हॉटेले आणि मद्यालये ५ ऑक्टोबर २०२० ला उघडली, गोव्याचे कॅसिनो १ नोव्हेंबरला निम्म्या क्षमतेने सुरू झाले, आणि आमची प्रार्थनास्थळे उघडली १६ नोव्हेंबरला! जगाची रीतही निराळी नव्हती. मकावचे कॅसिनो तर फेब्रुवारी २०२० मध्ये अवघे पंधरा दिवस बंद होते. चर्च उघडल्यावरच्या पहिल्याच प्रवचनात आम्ही यावर भरपूर तोंडसुख घेतले होते.

आणि मुलगा म्हणाला, “फादर, तुम्ही आईजवळ बसा. मी जरा त्या बोटीवर जाऊन येतो.”

आम्ही बोलणार, तोच बाईंनी हात आडवा केला. “जाऊ द्या त्याला, फादर. सप्टेंबरपासून कामावरून येतो आणि भिंतीकडं तोंड करून पडतो. आज काहीतरी बघायला जातो म्हणाला, एवढं मला पुरे.”

धक्क्यावर मनगटाला यंत्र लावून ताप पाहिला जात होता. मुखपट्टी हनुवटीवर ओढलेली माणसे हसत होड्यांत बसत होती आणि त्या होड्या त्यांना मोठ्या नौकेकडे नेत होत्या. त्याची होडीही गेली. आम्ही दोघे बाकावर बसून राहिलो. नौकेवरचे संगीत पाण्यावरून तुटक तुटक ऐकू येत होते.

बऱ्याच वेळाने बाईंनी विचारले, “त्या दिवशी तुम्ही दवाखान्यात आला असता, तर ह्यांना कळलं असतं का हो?”

प्रश्नात ठपका नव्हता, म्हणूनच तो सोसवेना. मास्तरांना आम्ही रुग्णाभ्यंग दिला नाही. दफनाच्या प्रार्थनाही दूरध्वनीवरून म्हटल्या. आत जाण्याची परवानगी मिळत नाही, असे आम्ही तेव्हा घरच्यांना सांगितले होते. वाचकहो, ती परवानगी आम्ही मागितलीच नव्हती. आम्हांस मधुमेह आहे, पन्नाशी उलटलेली आहे. कारणे सगळी खरी होती, सांगितले ते मात्र खरे नव्हते. ते त्या बाकावर आम्ही बाईंना सांगून टाकले.

त्या कितीतरी वेळ नदीकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “मीसुद्धा त्यांच्या खोलीच्या दारात ताट ठेवून मागं सरत होते, फादर. ते आतनं म्हणायचे, सरक, अजून लांब सरक.” आणि पिशवीतला थर्मास काढून त्यांनी आम्हांस चहा दिला.

दोन तासांनी मुलगा परतला. खेळला नाही म्हणाला. तिकिटाबरोबर मिळालेल्या सोंगट्या एका टेबलावर ठेवल्या, त्या गेल्या. जेवला, रंगमंचावरचा नाच पाहिला. “आत एकही घड्याळ दिसलं नाही, फादर. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच वेळ गेलेला कळला नाही.” हे तो आनंदाने म्हणाला की लाजून, ते अंधारात कळले नाही. आमच्यापाशी प्रवचन तयार होते. ते तसेच राहिले.

परतीच्या वाटेवर आंबोलीच्या घाटात त्याने आपण होऊन विचारले की, दफनभूमीत बाबांची जागा आम्हांस ठाऊक आहे काय. दफनाच्या दिवशी त्याला फाटकाशीच थांबविले होते आणि त्यानंतर तो तिकडे गेलाच नव्हता. आम्हीही तेथे नव्हतो, हे त्याला सांगितले.

कोल्हापुरास पोहोचलो तेव्हा दिवस थोडा शिल्लक होता. राखणदाराने जागा दाखविली. माती खाली बसली होती, तिच्यावर गवत वाढून वाळले होते. आशीर्वादित पाणी जवळ नव्हते, म्हणून गाडीतल्या बाटलीतले पाणी आशीर्वादित केले, आणि सप्टेंबरात दूरध्वनीवरून म्हटलेल्या प्रार्थना पहिल्यापासून म्हणावयास सुरुवात केली.