विषय क्रमांक अकरा

नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका कोणी आवडीने वाचत असेल, असे वाटत नाही. ती सभासदांना पाठवायची आणि कार्यालयाच्या सूचनाफलकावर लावायची, एवढेच तिचे काम. मला मात्र ती वाचण्याचा छंद आहे. मी फलकासमोर उभा राहिलो की कार्यालयातील शिपाई जरा नवलाने पाहतो. कारण तेथे येणारी इतर माणसे दाखल्यासाठी नाहीतर घरपट्टी भरण्यासाठी आलेली असतात.

पत्रिकेतील पहिला विषय ठरलेला असतो : मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. मग एकामागून एक विषय येतात. पाणी शुद्धीकरणासाठी तुरटी व ब्लिचिंग पावडर खरेदी करणे. आठवडी बाजारातील फी वसुलीचा ठेका देणे. कोंडवाड्याच्या भिंतीची दुरुस्ती करणे. बेवारस मृतदेहांच्या अंत्यविधीसाठी लागणाऱ्या सरपणाचे दर ठरविणे. रस्त्यावरील दिव्यांच्या देखभालीच्या कामास मुदतवाढ देणे. आणि सर्वांत शेवटी, ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’. या भाषेला स्वतःचे एक व्याकरण आहे. तिच्यात क्रियापद असते, पण कर्ता बहुधा नसतो. ‘करण्यात यावे’, ‘देण्यात यावे’, ‘दफ्तरी दाखल करण्यात यावे’. कोणी करावे, कोणासाठी करावे आणि न केल्यास कोणाचे काय होईल, ते ज्याचे त्याने ओळखायचे. तुरटी हा शब्द वाचताना पावसाळ्यात नळाला येणारे गढूळ पाणी ज्याला आठवते, त्यालाच त्या ओळीचा अर्थ लागतो. सरपणाच्या दराची ओळ वाचताना मला दरवेळी थोडे थांबावेसे वाटते. ज्याच्यामागे रडायला कोणी नाही, अशा माणसाच्या शेवटच्या लाकडांची काळजी या गावात कोणी तरी वाहते, आणि तिची नोंद दिवाबत्ती व कोंडवाडा यांच्यामध्ये कुठे तरी असते.

हे चित्र एकट्या महाराष्ट्राचे नाही. आपण इंदूरला राहत असा, बडोद्याला असा किंवा हैदराबादेत, अशी एक सभा आपल्याही शहरात भरते. १९९२ साली संसदेने ७४वी घटनादुरुस्ती मंजूर केली आणि १ जून १९९३ पासून ती अमलात आली. तिने राज्यघटनेला बारावी अनुसूची जोडली. नागरी संस्थांकडे सोपविता येतील असे १८ विषय त्या अनुसूचीत आहेत. नगररचना, पाणीपुरवठा, झोपडपट्ट्यांची सुधारणा, रस्त्यांवरील दिवे, जन्म-मृत्यूची नोंद, स्मशाने आणि दफनभूमी यांच्या जोडीला गुरांचे कोंडवाडेही त्यात आहेत. माणूस जन्मला की त्याचे नाव जिथे लिहिले जाते, तिथेच शेवटी ते पुन्हा लिहिले जाते. आणि मधल्या काळात त्याच्या घरासमोरचा दिवा लागेल की नाही, हेही तिथेच ठरते.

आमच्या गावच्या सभेला मी अनेकदा गेलो आहे. नागरिकांना मागच्या बाकांवर बसून कामकाज ऐकता येते, फक्त मध्ये बोलायचे नसते. भिंतीवर थोर पुरुषांच्या तसबिरी, छताला आवाज करणारे पंखे, टेबलावर पाण्याच्या बाटल्या. गावातील कोणी मान्यवर निवर्तले असतील तर आरंभी दुखवट्याचा ठराव होतो, सर्व जण दोन मिनिटे उभे राहतात आणि खुर्च्या सरकवीत खाली बसतात. मग कामकाजाला विलक्षण वेग येतो. लिपिक विषय वाचतो, एक आवाज म्हणतो ‘मंजूर’, दुसरा म्हणतो ‘अनुमोदन’, आणि लिपिक पुढचा विषय वाचू लागतो. पहिल्यांदा गेलो तेव्हा दहा विषय एका चहाच्या वेळात संपलेले पाहून मी चकित झालो होतो. पुढे कळले की त्यात गैर असतेच असे नाही. तुरटी घ्यायचीच आहे. तिच्यावर भाषणे करून पाणी अधिक स्वच्छ होत नाही. मात्र ऐनवेळच्या विषयांबद्दल माझे मत आजही चांगले नाही. सभासद पिशव्या आवरू लागले असताना वाचला जाणारा विषय नेमका लक्ष देऊन ऐकावा, असे मी माझ्यापुरते ठरवून टाकले आहे.

या वेगात एकदा अडथळा आला. २०१९ सालच्या उन्हाळ्याआधीची ती सभा होती. विषय क्रमांक अकरा असा होता : शहरातील सार्वजनिक नळकोंडाळी बंद करणे. नळकोंडाळे म्हणजे वस्तीच्या तोंडाशी असलेला, सर्वांनी मिळून वापरायचा नळ. आमच्या गावात तेव्हा अशी नऊ नळकोंडाळी उरली होती. त्यांच्या पाण्याची पट्टी कोणाकडून वसूल होत नाही, तोट्या चोरीला जातात आणि पाणी गटारात वाहते, असे टिपणीत म्हटले होते. यातले काहीही खोटे नव्हते. ते वाहते पाणी मी स्वतः पाहिले होते. ‘मंजूर’ हा शब्द सवयीने उच्चारला गेला. अनुमोदनही झाले. लिपिकाने पान उलटले, तेवढ्यात मागच्या रांगेतील एक सभासद उभ्या राहिल्या. महिलांसाठी राखीव असलेल्या प्रभागातून त्या निवडून आल्या होत्या आणि सभागृहात क्वचितच बोलत.

“अध्यक्ष महोदय, एक विचारू का? या नऊ नळांवर किती घरं पाणी भरतात?”

अध्यक्षांनी मुख्याधिकाऱ्यांकडे पाहिले, मुख्याधिकाऱ्यांनी पाणीपुरवठा अभियंत्यांकडे. अभियंत्यांनी कागद चाळले. त्या कागदांत नळांची संख्या होती, पाण्याच्या गळतीचा अंदाज होता. घरांची संख्या नव्हती.

“ताई, त्या सगळ्यांना घरात नळ घेता येईल,” अध्यक्ष समजुतीच्या सुरात म्हणाले. “योजना आहे. अर्ज करायला सांगा त्यांना.”

“अर्जासोबत घराचा उतारा लागतो ना? आमच्या वस्तीत उतारा कोणाच्या नावावर आहे? आणि अनामत कुठून भरायची?”

सभागृहात थोडी कुजबुज झाली. एक ज्येष्ठ सभासद हसून म्हणाले, “वहिनी, तुम्ही आम्हाला नळावरच्या रांगेत उभं करणार बहुतेक.” त्या हसल्या नाहीत. “रांग पहाटे साडेचारला लागते, भाऊ. या एकदा,” एवढेच म्हणून त्या खाली बसल्या. ठराव बदलला. सर्व नळकोंडाळ्यांवर अवलंबून असलेल्या कुटुंबांचे सर्वेक्षण करावे व विषय पुढील सभेपुढे ठेवावा, असे लिहून घेण्यात आले. हा सगळा प्रकार पाच-सहा मिनिटांचा असेल. स्थानिक वर्तमानपत्रात दुसऱ्या दिवशी त्या सभेची बातमी आली. तिच्यात एका चौकाच्या नामकरणावरून झालेली खडाजंगी सविस्तर होती, नळांचा उल्लेख नव्हता.

एका प्रश्नाने काय होते, असे कोणी म्हणेल. महात्मा जोतीराव फुले १८७६ साली पुणे नगरपालिकेचे सदस्य झाले. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या पुणेभेटीसाठी एक हजार रुपये खर्च करण्याचा विषय सभेपुढे आला, तेव्हा हा पैसा गरिबांच्या शिक्षणासाठी वापरावा, असे म्हणून एकट्या जोतीरावांनी विरोध केला. खर्च व्हायचा तो झालाच. तरी त्या खर्चाची आठवण आज कोणाला असलीच, तर ती त्या एका विरोधी मतामुळे आहे.

पाण्याचा आणि ठरावाचा संबंध निघाला की मला महाड आठवते. ऑगस्ट १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा एक ठराव मुंबई विधिमंडळाने संमत केला. सार्वजनिक पैशातून बांधलेले वा चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना वापरू द्याव्यात, असा त्याचा आशय होता. त्याला अनुसरून कुलाबा जिल्ह्यातील महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले, काठावर मात्र काहीच बदलले नाही. अखेर २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह त्या तळ्यावर गेले व ओंजळीने पाणी प्याले. नगरपालिकेचा ठराव त्यांच्या बाजूने होता, तरी परतणाऱ्या माणसांना मारहाण सोसावी लागली. आणि पुढे काय घडले? त्याच नगरपालिकेची पुन्हा सभा भरली आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी तिने आपला आधीचा ठराव रद्द केला. प्रकरण न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला, तो मार्च १९३७ मध्ये. नगरपालिकेच्या दोन सभा आणि त्यांच्यामध्ये साडेतीन वर्षांचे अंतर! ते दोन्ही ठराव कामकाजाच्या वहीत बहुधा सारख्याच रुक्ष भाषेत लिहिले गेले असतील. शाळेत महाडचा सत्याग्रह शिकताना मला तळे दिसले होते, गर्दी दिसली होती. त्यामागची ती वही पुष्कळ उशिरा दिसली.

आमच्या गावच्या नळांची गोष्ट एवढी मोठी नाही. सर्वेक्षणाचा विषय पुढील सभेत आला नाही, त्यापुढच्या सभेतही आला नाही. २०२० साली साथ आली. काही काळ सभा दूरदृश्य प्रणालीने झाल्या; तेथे मागचे बाक नव्हते. मग सभागृहाची मुदत संपली आणि २०२२ च्या आरंभापासून गावात प्रशासक आले. महाराष्ट्रातील बहुतेक शहरांची तीच स्थिती होती. आरक्षणाचे आणि प्रभागरचनेचे वाद न्यायालयात होते, निवडणुका लांबत गेल्या. मुंबई महानगरपालिकेची मुदतही मार्च २०२२ मध्ये संपली होती.

प्रशासकाच्या काळात गावाचे काही अडते का? वरवर पाहता नाही. तुरटी येत होती, दिवे लागत होते. काही कामे तर अधिक झटपट झाली, हे मान्य केले पाहिजे. ठरावही होत होते. फरक इतकाच होता, की विषय मांडणारी टिपणी ज्या कार्यालयातून येई, तिला मंजुरीही तेथूनच मिळे. ‘सूचक’ आणि ‘अनुमोदक’ यांच्या जागा रिकाम्या असत. सभागृहाला कुलूप होते. एकदा कामानिमित्त गेलो असता खिडकीतून पाहिले, तर खुर्च्या एकावर एक रचून ठेवल्या होत्या आणि टेबलांवर जुन्या मतदारयाद्यांचे गठ्ठे होते.

२०२३ च्या एप्रिलमध्ये नऊपैकी सहा नळकोंडाळी बंद झाली. तशी सूचना फलकावर लागली होती म्हणतात. मी ती पाहिली नाही आणि पहाटे साडेचारला रांगेत उभ्या राहणाऱ्या बायकांनी तर नक्कीच पाहिली नाही. तोटीला पाणी येईना, तेव्हा त्यांना निर्णय कळला. मी माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करून ठरावाची प्रत मागितली. हा कायदा २००५ सालचा आहे आणि अशा कागदांसाठी त्याचा उपयोग फार कमी लोक करतात. प्रत महिन्याभरात मिळाली. ठराव तीन ओळींचा होता. गळती रोखण्यासाठी सार्वजनिक नळ बंद करण्यास मान्यता देण्यात येत आहे, असे त्यात होते. २०१९ च्या सभेचा, सर्वेक्षणाचा, किती घरे या प्रश्नाचा त्यात मागमूस नव्हता. निर्णय बेकायदा होता, असे मी म्हणत नाही. निर्णयाच्या वेळी खोलीत त्या वस्तीतले कोणी नव्हते, एवढेच मला म्हणायचे आहे.

वस्तीने आपली सोय लावली. दोन गल्ल्या सोडून ज्यांच्याकडे नळ होता, त्यांनी हंड्याला पैसे घेऊन पाणी देण्यास सुरुवात केली. शाळेत जाणाऱ्या मुली सायकलला कॅन अडकवून खेपा घालताना दिसू लागल्या. त्यांच्यातली एक माझ्या ओळखीची होती. तिला विचारले, तर म्हणाली, “काका, आधी आईच आणायची. आता तिथलं पाणी सातला सुटतं, आणि आई सातला कामावर जाते.” सात वाजता शाळाही भरते, हे तिने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या आणि सभागृहाचे कुलूप निघाले. प्रभागांचे आरक्षण बदलल्यामुळे त्या ताई आता सभागृहात नाहीत. पण त्यांच्या वस्तीतून निवडून आलेला तरुण सभासद जुन्या इतिवृत्ताची प्रत घेऊन सभेला आला होता. २०१९ च्या सभेतील तो अर्धवट राहिलेला ठराव त्याने उभे राहून वाचून दाखविला आणि सर्वेक्षणाचे काय झाले, असे विचारले. अभियंते नवे होते. त्यांनी कागद चाळले. इतिवृत्त कायम झाल्यामुळे ‘असे काही ठरलेच नव्हते’, असे मात्र कोणालाही म्हणता आले नाही.

थोडी चर्चा झाली, थोडा आवाज चढला. शेवटी असे ठरले की बंद केलेल्या सहा नळकोंडाळ्यांपैकी चार मीटर बसवून पुन्हा सुरू करण्याचे अंदाजपत्रक तयार करावे, सर्व वस्त्यांतील घरांची मोजणी एक महिन्यात पुरी करावी आणि दोन्ही कागद पुढील सभेपुढे ठेवावेत. सूचक, अनुमोदक, एकमताने मंजूर. पुढील सभेची तारीख अजून निघालेली नाही. वस्तीत मोजणीसाठी दोन कर्मचारी येऊन गेले, असे त्या मुलीने परवा सांगितले. त्यांच्या घराच्या दारावर खडूने आकडा लिहिलेला आहे.