पहाटेच्या शिंका

कोकणातल्या पाली गावात आषाढ लागला की गोधड्या वाळायचं नाव घेत नाहीत. गादी हाताला दमट लागते, आणि पहाटे कुणाच्या तरी घरातून सलग दहा-बारा शिंका ऐकू येतात. सर्दी म्हणून काढा उकळला जातो.

पण ताप नाही, अंगदुखी नाही, नाक मात्र महिनोन्महिने वाहतंच. पुष्कळदा ही गादीतल्या धूळकिड्यांची ॲलर्जी असते. नुसत्या डोळ्यांना न दिसणारे हे जीव पाणी पीत नाहीत, हवेतला ओलावा शोषून जगतात. कोकणासारखं घर त्यांना कुठे मिळणार!

अशा ॲलर्जींवरची इम्युनोथेरपी १९११ सालची. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात लिओनार्ड नून यांनी गवताच्या परागांचा अर्क रुग्णांना टोचला, मात्रा हळूहळू वाढवत. ज्याचा त्रास, त्याचीच शरीराला सवय लावायची. १९१३ मध्ये क्षयाने नून गेले; काम जॉन फ्रीमन यांनी पुढे नेलं.

आजही रीत तीच. आधी चाचणीने कारण पक्कं करायचं, मग तीन ते पाच वर्षं इंजेक्शनं किंवा जिभेखाली थेंब. टोचल्यावर अर्धा तास दवाखान्यातच थांबायचं, कारण क्वचित जोराची रिॲक्शन येते. बरं वाटू लागताच, लावणीच्या गडबडीत, कुणी हे उपचार अर्ध्यावर सोडतं, तेव्हा फार हळहळ वाटते. आणि धूळकिड्यांचा ओलावा तोडायला गादी उन्हात टाकायची, तर दिवाळीच उजाडते.