कतारगामच्या पापडीच्या शोधात

उंधियूला पापडी कतारगामचीच हवी, असं सुरतेतले जाणते सांगतात. तापीकाठच्या गाळाच्या जमिनीत ती पिकायची. आज कतारगाम म्हणजे हिऱ्यांचे कारखाने आणि इमारती. मग ते जुनं बी गेलं कुठे? गच्चीवर लावायला मला ते हवं होतं, म्हणून डिसेंबरातल्या एका रविवारी ओलपाडच्या बाजूला गेलो.

पहिल्या मळ्यातले काका म्हणाले, "चव जुन्या बियाण्यालाच, पण उतारा कमी." बाजारासाठी ते विकतचं बी लावतात, घरच्यासाठी बांधावर चार जुने वेल. शेजारच्या मळ्यातल्या बांना हे पटेना. त्यांच्या मते निम्मी चव मातीची. तेच बी दुसरीकडे लावलं की शेंग लवकर निबर होते.

एका गोष्टीवर मात्र दोघांचं एकमत: बियाण्यासाठी निरोगी वेलावरच्या भरल्या शेंगा तोडायच्या नाहीत, तिथेच वाळू द्यायच्या. पापडीचं फूल बहुतेक स्वतःच्याच परागावर फळतं, त्यामुळे घरचं बी सहसा शुद्ध राहतं. आणि दिवस लहान होऊ लागल्याशिवाय हा जुना वेल फुलत नाही, तेव्हा लावायची घाई करू नये.

आपल्या जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, कारण ते अजून तिथल्या शेतात आहे. कतारगामच्या पापडीचं शेत गेलं, नाव उरलं. बी तेवढं अशा बांधांवर तगून आहे.

निघताना बांनी मूठभर बी दिलं. पैसे घेतले नाहीत. म्हणाल्या, "पुढच्या वर्षी दोन मुठी परत आण."